मराठी कादंबरीचे शिल्पकार : कै. हरि नारायण आपटे

संस्था उभी करणे सोपे असते, ती चालविणे कठीण असते, हा अनुभव समाजकार्यात पडलेल्या प्रत्येकाच्या गाठीशी असतो. पन्नास वर्षांचा टप्पा गाठणाऱ्या कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या मागे अशा व्यक्ती उभ्या असतात की, ज्यांनी हिशेबाच्या वह्या, सभांची इतिवृत्ते आणि इमारतीची डागडुजी सांभाळीत असतानाच आपल्या मनातील एखादे मोठे स्वप्नही जपलेले असते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अशा व्यक्तींमध्ये कै. हरि नारायण आपटे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. एका संस्कृत ग्रंथसंस्थेची व्यवस्था हा त्यांचा व्यवसाय होता, साप्ताहिकाचे संपादन हे त्यांचे व्रत होते आणि कादंबरीलेखन हा त्यांचा श्वास होता. या तिन्ही जबाबदाऱ्या एकाच जन्मात पेलताना त्यांनी काय मिळविले आणि त्यासाठी काय मोजले, याचे स्मरण आजच्या पिढीस उद्बोधक ठरावे.

जन्म आणि बालपण

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृसुखाला ते लहानपणीच पारखे झाले. त्यांचे संगोपन एकत्र कुटुंबात झाले आणि त्या कुटुंबाचा आधारस्तंभ होते त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे. महादेवराव हे मुंबईच्या उच्च न्यायालयातील नामांकित वकील. त्यामुळे हरिभाऊंचे आरंभीचे शिक्षण मुंबईत झाले. १८७८ च्या सुमारास कुटुंब पुण्यास आले आणि हरिभाऊंच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

ते दिवस पुण्याच्या वैचारिक जीवनातील मंतरलेले दिवस होते. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. पाठोपाठ टिळक आणि आगरकर त्या कार्यात आले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. अशा शाळेत, अशा गुरूंच्या पायाशी बसण्याचे भाग्य हरिभाऊंना लाभले. मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्र्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ हे दीर्घ शोककाव्य रचले. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर प्रसिद्ध केले, त्यावर याच विद्यार्थ्याने बहात्तर पानांचे विस्तृत टीकात्मक परीक्षण लिहिले. गुरूंविषयी अपार आदर बाळगूनही त्यांच्या कृतीची निर्भीडपणे चिकित्सा करणे, हा त्या काळच्या गुरु-शिष्य नात्याचा एक सुंदर विशेष होता. आदर आणि परखडपणा यांचा हा मेळ हरिभाऊंच्या स्वभावात अखेरपर्यंत टिकला.

परीक्षेतील अपयश

हरिभाऊ डेक्कन कॉलेजात गेले, पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन कॉलेजातही त्यांनी शिक्षण घेतले. इंग्रजी आणि संस्कृत वाङ्मयाचे त्यांचे वाचन अफाट होते. परंतु गणित हा विषय त्यांच्या वाटेत पर्वतासारखा उभा राहिला. वारंवार प्रयत्न करूनही यश येईना. अखेर पदवी न घेताच त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. ज्या काळात बी. ए. ही पदवी म्हणजे सरकारी नोकरीचे, वकिलीचे आणि प्रतिष्ठेचे द्वार समजले जाई, त्या काळात नामांकित वकिलाच्या घरातील मुलाने रिकाम्या हाताने परत येणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. विवाह बालवयातच झालेला होता. प्रपंचाची जबाबदारी समोर होती आणि उपजीविकेचे साधन हाती नव्हते.

मात्र या सुमारास त्यांची लेखणी थांबलेली नव्हती. १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली सामाजिक कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली होती. तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकवीस वर्षे. मराठीत तत्पूर्वी कादंबरी नव्हती असे नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली होती. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये, तर गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तरीही त्या काळच्या बहुतेक कादंबऱ्या राजपुत्र, राजकन्या, अद्भुत योगायोग आणि शृंगारवर्णने यांतच रमलेल्या असत. आपल्या शेजारच्या वाड्यात राहणारी माणसे, त्यांची भाषा, त्यांची भांडणे आणि त्यांची दुःखे कादंबरीत येऊ शकतात, हे मराठी वाचकाला हरिभाऊंनी प्रथम ठसठशीतपणे दाखविले.

आनंदाश्रम : संस्थेची सेवा

पुतण्याच्या आयुष्याला स्थैर्य देण्याचे काम चुलत्यांच्या दूरदृष्टीने केले. संस्कृत भाषेतील दुर्मीळ हस्तलिखिते नष्ट होऊ नयेत, ती जमवावीत, शुद्ध करून छापावीत आणि अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावीत या हेतूने महादेवरावांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या व्यवस्थेची धुरा त्यांनी हरिभाऊंवर सोपविली. १८९४ मध्ये महादेवराव निवर्तले. त्यानंतरही हरिभाऊंनी ही जबाबदारी अखेरपर्यंत निष्ठेने सांभाळली. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीतून एकामागून एक ग्रंथ प्रसिद्ध होत राहिले.

ज्या समाजाने ताडपत्रे आणि पोथ्या शतकानुशतके ज्ञानभांडारांत जपून ठेवल्या, त्या जैन समाजाला या कार्याचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. हस्तलिखितांचे जतन हे चिकाटीचे आणि प्रसिद्धीपासून दूर राहून करावयाचे काम आहे. पाठभेद तपासणे, शास्त्रीमंडळींना कामे वाटून देणे, मुद्रिते वाचणे, खर्चाचा मेळ घालणे अशा दैनंदिन कामांत हरिभाऊंचा दिवस जात असे. या कामाने त्यांना उपजीविका दिली. लेखन हा त्या काळी पोट भरण्याचा धंदा नव्हता. संस्थेची सेवा आणि साहित्याची सेवा एकमेकींना पूरक कशा ठरू शकतात, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

‘करमणूक’ : घराघरांत पोहोचलेले साप्ताहिक

१८९० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. तो काळ नियतकालिकांच्या बहराचा होता. १८८८ मध्ये आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला होता. सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ या मासिकाच्या द्वारे समाजजागृतीचे कार्य त्याच दशकात आरंभिले होते. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात विचारांचे रण माजलेले होते. परंतु हे सारे लिखाण प्रामुख्याने शिकलेल्या पुरुषांसाठी होते. माजघरात बसलेल्या, नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या स्त्रीने काय वाचावे, शाळकरी मुलाने काय वाचावे, याचा विचार फारसा कोणी केलेला नव्हता. ती उणीव ‘करमणूक’ने भरून काढली. गोष्टी, कविता, चरित्रे, शास्त्रीय माहिती, देशोदेशींच्या हकीकती आणि क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या असा भरगच्च मजकूर त्यात असे. मनोरंजनाच्या वाटेने बोध पोहोचविणे हे त्याचे धोरण होते.

अंकातील पुष्कळसा मजकूर संपादकालाच लिहावा लागे. आठवडा उलटला की कादंबरीचे नवे प्रकरण छापखान्यात गेलेच पाहिजे, हा शिरस्ता. त्यातही एकच कादंबरी चालू असे असे नाही. ‘आजकालच्या गोष्टी’ या सदराखाली सामाजिक कादंबरी आणि तिच्या जोडीने ऐतिहासिक कादंबरी, अशी दुहेरी लेखनयात्रा अनेकदा चाले. ‘यशवंतराव खरे’ आणि ‘मी’ या दोन कादंबऱ्यांचे लेखन काही काळ समांतर चालले होते. सुमारे सत्तावीस वर्षे, म्हणजे १९१७ पर्यंत, हे साप्ताहिक चालू राहिले.

या धावपळीचा दोषही त्यांच्या लेखनात उतरला, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या कादंबऱ्या काही वेळा पाल्हाळिक होतात. ‘गणपतराव’, ‘सूर्यग्रहण’, ‘कर्मयोग’ यांसारख्या कृती अपूर्णच राहिल्या. आठवड्याच्या मुदतीने त्यांच्याकडून विपुल लिहवून घेतले, पण पुन्हा मागे वळून लेखन घासूनपुसून घेण्याची सवड दिली नाही. तथापि, ही मुदत नसती तर यांतील निम्मे लेखनही कदाचित झाले नसते.

यमूची कहाणी

‘करमणूक’च्या प्रारंभापासूनच ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. यमुना नावाच्या एका मध्यमवर्गीय ब्राह्मण स्त्रीने स्वतः सांगितलेली आपली जीवनकथा, असे तिचे स्वरूप आहे. माहेरचे बालपण, लहान वयात झालेले लग्न, सासरचा जाच, मुंबईत पतीसमवेत लाभलेले थोडे दिवसांचे सुख, पतीने हौसेने दिलेले शिक्षण, त्याचा अकाली मृत्यू आणि त्यानंतर शंकरमामंजींसारख्या ढोंगी वडीलधाऱ्याकडून झालेला केशवपनाचा अत्याचार, असा हा कथाप्रवाह वाचकाला अक्षरशः हेलावून सोडतो.

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. संमतिवयाच्या प्रश्नावर १८९१ मध्ये महाराष्ट्र ढवळून निघाला. व्याख्याने झाली, प्रतिव्याख्याने झाली. परंतु ज्या स्त्रीविषयी हे सारे चालले होते, तिचा आवाज या कोलाहलात कोठेच ऐकू येत नव्हता. हरिभाऊंनी तो आवाज वाचकाच्या घरात पोहोचविला. यमू एखाद्या तत्त्वाचा पुरस्कार करीत नाही. ती आपल्याच भाषेत आपली सुखदुःखे सांगते आणि म्हणूनच ती प्रत्येकाला आपल्या घरातील लेक, बहीण किंवा भावजय वाटते. कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि पुढे स्त्रीशिक्षणाच्या कार्यास स्वतःस वाहून घेतले. एकाने आचरणातून आणि दुसऱ्याने लेखणीतून एकाच दुःखाला हात घातला होता.

हरिभाऊंच्या स्वतःच्या घरातही दुःखाचे प्रसंग आले. त्यांच्या पहिल्या पत्नीचे अकाली निधन झाले आणि त्यांनी दुसरा विवाह केला. मृत्यूने घरात घातलेले घाव त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या कादंबऱ्यांतील करुण प्रसंग उसने वाटत नाहीत, याचे कारण यात शोधता येईल.

‘मी’ आणि लोकसेवेचा आदर्श

१८९३ ते १८९५ या काळात लिहिलेली ‘मी’ ही त्यांची दुसरी श्रेष्ठ सामाजिक कादंबरी. तिचा नायक भावानंद वैयक्तिक सुखाचा त्याग करून लोकसेवेचे व्रत घेतो आणि त्या कार्यातच देह ठेवतो. नामदार गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली ती १२ जून १९०५ रोजी, म्हणजे या कादंबरीनंतर सुमारे दहा वर्षांनी. देशकार्यास वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्याचे जे चित्र पुढे प्रत्यक्षात आले, ते हरिभाऊंच्या मनश्चक्षूंना आधीच दिसले होते.

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या क्षेत्रातही त्यांनी पायाभूत कार्य केले. शिवछत्रपतींच्या उदयकाळावरील ‘उषःकाल’, तानाजीच्या पराक्रमावरील ‘गड आला पण सिंह गेला’ आणि विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ या कृतींनी अनेक पिढ्यांना इतिहासाची गोडी लावली. ‘गड आला पण सिंह गेला’च्या आधाराने बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. ‘चंद्रगुप्त’ या कादंबरीत नंदवंशाचा उच्छेद आणि मौर्य सत्तेचा उदय चित्रित झाला आहे. जैन परंपरेनुसार याच चंद्रगुप्ताने पुढे आचार्य भद्रबाहूंकडून दीक्षा घेऊन श्रवणबेळगोळ येथे सल्लेखनापूर्वक देहत्याग केला. हरिभाऊंच्या कादंबरीचा विषय तो नसला, तरी राज्यप्राप्तीची ती कथा वाचताना जैन वाचकाच्या मनात राज्यत्यागाची ही कथा जागी झाल्यावाचून राहत नाही.

लेखकांना घडविणारा संपादक

हरिभाऊंच्या कार्याचा एक पैलू त्या मानाने कमी चर्चिला जातो. तो म्हणजे त्यांनी इतरांच्या लेखनाला दिलेला आधार. स्वतः मोठा लेखक असणाऱ्यास दुसऱ्याचे लेखन कौतुकाने वाचणे नेहमीच साधते असे नाही. हरिभाऊंना ते साधले होते.

श्रीमती काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विवाहानंतर पतीच्या, गोविंदराव कानिटकरांच्या, प्रोत्साहनाने त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या. स्त्रीने पुस्तक हाती धरणेही ज्या काळी अनेक घरांत निंद्य मानले जाई, त्या काळात त्यांनी ‘रंगराव’ ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. कानिटकर दांपत्याशी हरिभाऊंचा निकटचा स्नेह होता. हरिभाऊ व काशीबाई यांच्यातील वाङ्मयीन पत्रव्यवहार पुढे प्रसिद्धही झाला. एकमेकांच्या लेखनाविषयी मोकळेपणाने चर्चा करणारे हे नाते समानतेचे होते. हरिभाऊ सल्ला देत, तसाच तो घेतही. स्त्रीजीवनाचे जे बारकावे त्यांच्या कादंबऱ्यांत दिसतात, त्यामागे अशा संवादांचा वाटा होता, असे मानावयास जागा आहे.

दुसरे उदाहरण कवी केशवसुतांचे. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून आज गौरविले जाणारे केशवसुत हयातीत फारसे मानले गेले नाहीत. त्यांच्या नव्या वळणाच्या कवितांना ‘करमणूक’ने जागा दिली. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने केशवसुतांचा अंत झाला. तोपर्यंत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघालेला नव्हता. इतस्ततः विखुरलेल्या त्या कविता संग्रहरूपाने १९१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्या हरिभाऊंच्या पुढाकाराने. कवीच्या निधनाला बारा वर्षे लोटली होती. त्यात ना अर्थलाभ होता, ना कोणाची सक्ती. आपल्या पत्रात लिहिणाऱ्या एका कवीचे ऋण, असेच त्यांनी हे काम मानले असले पाहिजे. हा संग्रह निघाला नसता तर पुढच्या पिढीच्या कवींपर्यंत केशवसुत कितपत पोहोचले असते, हा प्रश्न विचार करावयास लावणारा आहे.

मराठी लघुकथेचे बीजही ‘करमणूक’च्याच मातीत रुजले. हरिभाऊ त्यांना नम्रपणे स्फुट गोष्टी म्हणत. दुष्काळाने गांजलेल्या कुटुंबाचे चित्र रेखाटणारी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची कथा आजही वाचकाला अस्वस्थ करते. पुढे काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने कथेला बहर आणला. त्या बहरासाठी जमीन तयार करण्याचे काम हरिभाऊंनी आधीच केलेले होते. नाथमाधवांसारख्या पुढील कादंबरीकारांनी ऐतिहासिक कादंबरीचा जो मार्ग चोखाळला, तोही हरिभाऊंनीच आखून दिलेला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नामसादृश्यामुळे हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे (१८८९-१९७१) यांच्यात अनेकदा गल्लत होते. ज्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून १९३७ मध्ये प्रभातचा ‘कुंकू’ हा चित्रपट निघाला, ते नारायण हरि आपटे हे निराळे कादंबरीकार होत.

सार्वजनिक कार्य व अखेर

लेखनाच्या कोशात हरिभाऊ कधी गुरफटून राहिले नाहीत. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि तिचे अध्यक्षपदही भूषविले. १८९७ च्या प्लेगच्या भीषण काळात त्यांनी लोकांच्या मदतीसाठी कष्ट घेतले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत मराठी भाषेवर व्याख्याने देण्याचा मान त्यांना मिळाला. गणितामुळे ज्या विद्यापीठाची पदवी हाती आली नाही, त्याच विद्यापीठाने एके दिवशी त्यांना व्याख्याता म्हणून सन्मानाने बोलाविले. नियतीने केलेली ही भरपाई खरोखरच हृद्य होय.

३ मार्च १९१९ रोजी पुणे येथे हरिभाऊंचे निधन झाले. पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास अवघे पाच दिवस उरले होते. मागे उरल्या वीसच्या आसपास कादंबऱ्या, अनेक स्फुट गोष्टी, मोलिएरच्या आधारे लिहिलेल्या ‘मारून मुटकून वैद्यबुवा’सारखी नाटके, ‘करमणूक’चे अंक आणि आनंदाश्रमाने प्रकाशित केलेली संस्कृत ग्रंथांची रांग.

हरिभाऊंच्या जीवनापासून घेण्यासारखा बोध साधा आहे. परीक्षेतील अपयशाने मनुष्याची योग्यता ठरत नाही. चरितार्थासाठी पत्करलेले काम निष्ठेने केले, तर ते आवडीच्या कार्याच्या आड येत नाही, उलट त्याला आधार देते. आणि ज्याला लिहिता येते, त्याने दुसऱ्याच्या हाती लेखणी देणे हेही वाङ्मयसेवेचेच अंग आहे. गोवंडीसारख्या कष्टकऱ्यांच्या उपनगरात नोकरी, दुकान आणि प्रपंच सांभाळून समाजकार्याला वेळ देणाऱ्या कार्यकर्त्यांना यातील मर्म सहज उमगेल. घरातील मुलाचा एखादा विषय कच्चा राहिला म्हणून निराश होण्यापूर्वी त्याच्या हातात कोणते पुस्तक आहे, हे एकदा पाहावे. कोणी मुलगी वहीत काही लिहीत असेल, तर ते प्रेमाने वाचावे. हरिभाऊंना वाहिलेली ती सर्वांत खरी आदरांजली ठरेल.